रिलेमधला पतंग आणि ग्रेसबाई



परवा रात्री एका प्रोग्रॅमशी झटापट करत बसलो होतो. मुख्य भाग एका भाषेत, आकडेमोडीची लायब्ररी दुसऱ्या भाषेत आणि दोघांना जोडणारा तुकडा तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेला. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, सर्व्हरवर मात्र चालू झाल्या झाल्या बंद! तीन तासांनी कारण सापडलं ते एवढंच, की दोन्हीकडे लायब्ररीच्या आवृत्त्या वेगळ्या होत्या. झाकून ठेवलेलं गार जेवण जेवताना मनात आलं, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याला जोडून घ्यायची ही पद्धत सुरू कोणी केली असेल? याचं उत्तर शोधताना ज्या नावाशी थांबावंच लागतं ते म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली! आईने शिक्षा केली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असं ठरवून दिलं. पुढे वासर कॉलेज, मग येल विद्यापीठ आणि १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. मधल्या काळात १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि वासरला शिकवणंही सुरू झालं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ग्रेसबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन नियमापेक्षा कमी, त्यात गणिताच्या प्राध्यापिका म्हणून देशाला त्यांची गरज जास्त, अशी सगळी कारणं पुढे आली. त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या भरती झाल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्डला हॉवर्ड एकेन यांच्या मार्क-१ या यंत्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. ५१ फूट लांबीचं ते धूड! कागदी पट्टीला भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या.

तिथे त्यांच्या गटात एक साधी सवय होती. एखादं गणित सोडवणारा तुकडा नीट चालला, की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की वही मागायची आणि तुकडा उतरवून घ्यायचा. आपल्या आजच्या लायब्रऱ्यांचं बीज या वह्यांत आहे. पण हाताने उतरवताना चुका व्हायच्या. बी या अक्षराचा तेरा व्हायचा, नवीन जागेप्रमाणे पत्ते बदलताना बेरीज चुकायची. चांगले शिकलेले लोकही नीट नक्कल करू शकत नाहीत, हे ग्रेसबाईंच्या लक्षात आलं आणि ते त्या विसरल्या नाहीत.

याच काळात ती पतंगाची गोष्ट घडली (दिव्यावर येतो तो पतंग, संक्रांतीचा नव्हे!). ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-२ यंत्र चुकत होतं. शोधता शोधता ७० नंबरच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला गेला, आणि ती वही आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पतंग बाईंनी स्वतः शोधला नव्हता आणि यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धतही एडिसनच्या काळापासूनची. पण ही गोष्ट जगभर पोचवली ती त्यांनीच.

यानंतरची वर्षं सोपी नव्हती. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. दारूचं व्यसन वाढलं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत गेल्या, तिथे युनिव्हॅक तयार होत होता. बाहेरून सगळं मोडत असताना त्यांनी ती वह्यांची जुनी अडचण पुन्हा हाती घेतली. माणूस नक्कल करताना चुकतो ना, मग ती यंत्रालाच करू द्या! १९५२ मध्ये त्यांचा ए-० तयार झाला. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, सगळे तुकडे टेपवर. आपण क्रमांक सांगायचे, जोडणी यंत्र करणार. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसला लिहिणार, म्हणून लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही.

पुढची पायरी भाषेची. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला चिन्हं नकोत, शब्द हवेत, हे त्यांना पटलं होतं. शब्दांचा तक्ता बदलून तोच प्रोग्रॅम त्यांनी फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवला. वरिष्ठ हबकले. पेन्सिल्व्हेनियात बनलेल्या यंत्राला परक्या भाषा कशा येतील? शेवटी इंग्रजीपुरतंच थांबू असं आश्वासन देऊन बाईंनी काम पुढे नेलं. परक्या देशात राहणाऱ्या आपल्याला या गोष्टीची गंमत जास्त कळेल. यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच होत्या, अडचण माणसांना होती.

त्यांच्या फ्लो-मॅटिकवरून १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलने बरंच काही घेतलं. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम किरकोळ फेरफार करून दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला. पण हळूहळू कोल्हापूरची आणि नागपूरची मराठी वेगळी, तशी प्रत्येक कंपनीची कोबोल वेगळी व्हायला लागली. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या ग्रेसबाईंना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, ते याच कामाला. प्रत्येक कंपायलर नियमाप्रमाणे वागतो की नाही, हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या गटाने तयार केले. सहा महिन्यांचं हे बोलावणं (मध्ये एकदा पुन्हा निवृत्ती, पुन्हा बोलावणं!) थेट १९८६ पर्यंत लांबलं. निवृत्तीच्या दिवशी त्या रिअर ॲडमिरल होत्या आणि वय होतं ७९.

व्याख्यानांना जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटरच्या तारा वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जातो, हे लोकांच्या हातात ठेवायला. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ मध्ये नौदलात आली. तिचा क्रमांक ७०, पतंगाच्या रिलेचाच! हा निव्वळ योगायोग, पण बाईंना आवडला असता.

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ मंडळी १९९८-९९ मध्ये वायटूकेच्या कामासाठी, कोबोल शिकून, या देशात आली. त्यांच्या बॅगेत नकळत ग्रेसबाईंचा एक तुकडा होताच. माझ्यापुरतं सांगायचं तर परवापासून मी एक वही केली आहे. चूक सापडली की तारीख, वेळ आणि कारण त्यात लिहितो. पहिली नोंद लायब्ररीच्या आवृत्तीची. पतंग अजून मिळालेला नाही!