बंद शिरेचा शोध घेणारे शल्यविशारद

पेण-रोह्याकडील माणूस मोठे दुखणे घेऊन मुंबईस निघाला की परळच्या केईएम रुग्णालयाचे नाव हमखास निघते. तेथील हृदयशस्त्रक्रियेला आकार देणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन मात्र आज स्मरणात आहेत ते एकाच घटनेमुळे. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याची मान्यता मिळण्यास पुढे १९९४ साल उजाडावे लागले.

या गाजलेल्या प्रसंगाआड त्यांचे रक्तवाहिन्यांवरील चिकाटीचे काम झाकले गेले, हे खेदजनक होय. सेन यांचा जन्म १९१५ चा, कलकत्त्याचा. बालपण नागपुरात गेले आणि वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले. अमेरिकेतील प्रशिक्षणानंतर १९५० च्या दशकात त्यांनी केईएममध्ये हृदयाच्या आखडलेल्या झडपा मोकळ्या करण्यास प्रारंभ केला.

१९६७ मध्ये त्यांनी डॉ. किनरे, डॉ. केळकर आदी सहकाऱ्यांसह एका दुर्मीळ विकाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशिरा यकृताजवळ एका पडद्याने बंद झालेली असते. मार्ग अडल्याने रक्त मागे साचते. यकृत सुजते, पोटात पाणी होते, पाय जड पडतात. आणि पोटावर व पाठीवर फुगीर, नागमोडी शिरा उमटतात. कोंडलेल्या रक्ताने आपल्यापुरत्या काढलेल्या त्या आडवाटाच! वरवर पाहता हा साधा जलोदर भासतो. यकृताचाच दोष समजून औषधे देत राहिले, तर मूळ अडथळा तसाच राहतो. तो पडदा शोधला, तर रुग्णाला वाट मिळू शकते. जपानमध्ये किमुरा यांनी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून बोट घालून असा पडदा फोडण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या प्रारंभीच वापरली होती.

सेन यांच्यापाशी आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. शिरेत औषध सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे आणि रुग्णाच्या अंगावरील शिरांचे बारकाईने केलेले निरीक्षण, यांवरच निदानाची सारी भिस्त असे.

सेन १९८२ मध्ये निवर्तले. फुग्याच्या नळीमुळे असे कित्येक पडदे छाती न उघडताच मोकळे होऊ लागले.