आवाजाचा कारागीर : विष्णुपंत दामले

पेण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मूर्ती उभ्या राहतात. पण याच गावाने मराठी चित्रपटाला असा एक कारागीर दिला, ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, कानांनीच ओळखावे लागते. त्यांचे नाव विष्णुपंत गोविंद दामले.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. तरुणपणी ते कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या मंडळीत दाखल झाले. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त पडेल ते काम करता करता ते यंत्रांत रमले. तेथेच शेख फत्तेलाल यांची गाठ पडली आणि जन्माची मैत्री जडली. १९२८ साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली.

एवढ्यात १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दामले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या वयात त्यांनी ध्वनिलेखनाची नवी विद्या हाती घेतली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’साठी गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गात. आवाजाचे प्रकाशात रूपांतर होऊन तो फिल्मच्या कडेला उमटे. मध्येच कोणी खोकले, तर सारे पुन्हा!

बरे, आवाज पकडला म्हणजे काम संपले असेही नव्हे. तो थिएटरात लाऊडस्पीकरमधून प्रेक्षकांपर्यंत पोचायचा असतो, आणि खरी परीक्षा तेथेच असते. लाऊडस्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. शंकू उघडाच ठेवला, तर पुढच्या व मागच्या लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात. यात पहिला बळी जातो तो खर्जाचा. सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. हातभर फळी तिला काय अडवणार? म्हणून शंकू रुंद लाकडी फळीवर बसवीत. फळी जितकी रुंद, तितका खर्ज अधिक खाली टिकतो. अशा उघड्या पाठीच्या फळीचा खर्ज पुढे आणि मागे सारखाच जातो, कडेच्या रेषेत मात्र जवळजवळ नाहीसा होतो. उंच स्वर तर झोतासारखे सरळ समोर धावतात. त्यामुळे मधल्या रांगेला भरघोस गाणे ऐकू येते, तर बाजूच्या कोपऱ्यात बसलेल्याच्या वाट्याला पखवाजाची नुसती चाहूल येते. अशा साधनांतून शेवटच्या बाकावरच्या शेतकऱ्यालाही अभंगाचा शब्द न शब्द कळावा, तर मुळातले ध्वनिलेखन स्वच्छ हवे.

या मेहनतीचे मोल ‘संत तुकाराम’ने दाखवून दिले. १९३६ चा हा चित्रपट दामले–फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. पागनिसांचा गळा आणि गौरीची जिजाई मराठी घराघरांत पोचली. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान यांनी मिळून मराठी संत पडद्यावर आणला, हेही विसरता कामा नये. त्यानंतर याच जोडीचे ‘गोपालकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ आले.

५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, दामले गेले. पुण्यातील ‘प्रभात’च्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. नटांची नावे लोकांच्या ओठांवर राहिली. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचविणारा मात्र मागे पडला. पुन्हा कधी ‘तुकाराम’ पाहाल, तेव्हा क्षणभर डोळे मिटून ऐका. आपल्या पेणचा माणूस तेथे भेटेल.