शेंबूड, प्रतिपिंडे आणि सर मॅकफार्लेन बर्नेट

शेंबूड हा शब्द सभ्य लेखनात सहसा येत नाही. कानडीत त्याला सिंबळ म्हणतात. म्हणजे भाषा बदलली तरी शब्द फारसा दूर गेलेला नाही, आणि किळसही तीच. शास्त्रीय पुस्तकात गेला की त्याचा श्लेष्मा होतो आणि त्याला थोडी प्रतिष्ठा येते. या चिकट द्रवाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे सर मॅकफार्लेन बर्नेट हे फार मोठे नाव आहे.

बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी व्हिक्टोरियातील ट्रॅराल्गन या लहान गावी झाला. वडील बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक होते. थोरली बहीण जन्मापासून बौद्धिक दृष्ट्या अपंग असल्यामुळे आईचा बराच वेळ तिच्या शुश्रूषेत जाई. हा मुलगा एकलकोंडा झाला, रानात भटकून भुंगेरे गोळा करू लागला आणि डार्विन वाचू लागला. पुढे मेलबर्न विद्यापीठातून १९२२ साली ते डॉक्टर झाले. पण रोग्यांपेक्षा जंतूंशीच त्यांचे अधिक जमले.

१९२८ च्या जानेवारीत क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेली बारा मुले दगावली. चौकशीतील जंतुशास्त्रीय काम बर्नेट यांच्याकडे आले. लशीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते आणि तीत स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले होते, असे निष्पन्न झाले. शरीर जंतूंना तोंड देते कसे आणि कधी हरते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

१९३२-३३ साली ते लंडनमधील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत होते. त्याच संस्थेत १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला. तेथे कायमची नोकरी मिळत असताना ती नाकारून बर्नेट मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत परतले. परदेशी मोठ्या प्रयोगशाळेतील खुर्ची सोडून घरी येणे आजही सोपे नाही. त्या काळी तर ऑस्ट्रेलिया म्हणजे विज्ञानाच्या जगाचे परसदारच होते.

मेलबर्नमध्ये त्यांनी कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या गर्भावर विषाणू जोपासण्याची पद्धत कसोशीने सुधारली. १९३९ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी माणसाच्या नाकातील स्रावात विषाणूला निष्प्रभ करणारा पदार्थ असल्याचे प्रसिद्ध केले. १९४२ साली सैन्यातील स्वयंसेवकांच्या नाकात क्षीण केलेला जिवंत विषाणू फवारून पाहिला. रोग नाकातून येतो, तर पहारा नाकातच बसवावा, हा त्यामागील विचार. पण लस अपेक्षेप्रमाणे लागू पडली नाही.

याच सुमारास अमेरिकेत हर्स्ट यांना असे आढळले होते, की इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो, आणि काही वेळाने आपण होऊन सुटतो. तो सुटतो कसा? त्याच्याजवळ चिकटण्याची जागाच कापून टाकणारे एंझाइम असले पाहिजे, या तर्काचा बर्नेट यांनी पाठपुरावा केला. १९४६ साली त्यांना व सहकाऱ्यांना तसेच काम करणारे द्रव्य, नवल म्हणजे, पटकीच्या जंतूंच्या द्रवात सापडले. श्लेष्म्यातील द्रव्ये मिसळली तर गुठळ्या होत नाहीत, हेही दिसले. पेशीच्या दाराला असते तशीच कडी श्लेष्म्यालाही असते. विषाणू अंगणातल्या खोट्या कडीला धरून अडकतो आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केस त्याला श्लेष्म्यासकट बाहेर लोटतात. एंझाइम ही त्याची सुटकेची कात्री. त्यांच्याच संस्थेतील गॉटशाल्क या जर्मनीतून आलेल्या निर्वासित रसायनशास्त्रज्ञाने या कात्रीची रासायनिक क्रिया उलगडली. आज तिला न्यूरामिनिडेज म्हणतात, आणि ती कापते त्या कडीला सियालिक आम्ल.

प्रतिपिंडांबद्दल तेव्हा पॉलिंगसारख्या दिग्गजांचे मत असे होते, की परकी वस्तू आली की तिच्या मापावर प्रतिपिंड घडते. शिंप्याने माप घेऊन अंगरखा शिवावा तसे. १९५७ साली बर्नेट यांनी उलट मांडले. दुकानात हजारो तयार कपडे आधीच टांगलेले असतात. प्रत्येक पेशीला एकच प्रकार करता येतो; येणारी वस्तू अंगाला बसणारा निवडते, आणि त्या पेशीचीच संतती वाढते. हा लेख त्यांनी मुद्दाम ऑस्ट्रेलियातील एका लहान नियतकालिकात छापला. खरे ठरले तर आपला अग्रहक्क राहील, चुकले तर परदेशात फारसे कोणी वाचणार नाही! त्यांचेच विद्यार्थी नॉसल यांनी लेडरबर्ग यांच्यासह पुढच्याच वर्षी एक पेशी एकच प्रतिपिंड करते हे दाखवले. १९६० चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना मेडावार यांच्याबरोबर मिळाले ते दुसऱ्या विचारासाठी : शरीर स्वतःचे कोणते आणि परके कोणते हे जन्माआधीच्या काळात शिकते.

एवढ्यावर चरित्र संपवणे सोयीचे झाले असते. १९५१ साली सशांवर सोडलेला मिक्सोमा विषाणू माणसाला बाधत नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी फेनर आणि क्लुनीस रॉस यांच्यासह तो स्वतःला टोचून घेतला होता. पण त्याआधी, १९४७ साली, याच माणसाने आपल्या सरकारला गुप्त टिपणातून सल्ला दिला होता, की आशियातील दाट वस्तीच्या देशांकडून आक्रमणाचा धोका आल्यास त्यांची पिके नष्ट करावी व उष्ण प्रदेशातच पसरतील असे रोग तेथे सोडावे. हे कागद १९९८ साली उघड झाले. आपण त्याच आशियातले वाचक. हे वाचून बर्नेट यांचे शास्त्र खोटे ठरत नाही, पण त्यांच्याबद्दलच्या आदराला जरा आवर घालावा लागतो.

३१ ऑगस्ट १९८५ रोजी पोर्ट फेअरी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याआधी दोन वर्षे ऑस्ट्रेलियातच न्यूरामिनिडेजची त्रिमिती रचना उलगडली होती. तिच्या आधारे कात्रीची पाती अडवणारे झानामिविर हे औषध १९९९ साली बाजारात आले. श्लेष्म्यात आयजीए नावाचे खास प्रतिपिंड पाझरते, हे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले होते. दंडात टोचलेली लस रक्तात भरपूर प्रतिपिंडे निर्माण करते, पण नाकात हा पहारा क्वचितच बसवते. नाकातून द्यायची इन्फ्लुएंझाची जिवंत लस पुण्यात २०१० साली तयार झाली, आणि कोविडची नाकातील लस हैदराबादेत २०२२ साली.