रस्त्यावर शिकलेले गाडगेबाबा

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, मी संत गाडगेबाबांची माहिती सांगतो. ते शाळेत गेले नाहीत, तरी पुष्कळ शिकले.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परिटाच्या घरी झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी लवकर वारले. मग आई सखूबाई डेबूला घेऊन दापुरे गावी आपल्या भावाकडं गेली. तिथं डेबू मामाची गुरं राखायचा. मोठा झाल्यावर शेतात राबायचा. मामा सावकाराच्या कर्जात फसला आणि जमीन गेली. अक्षर आलं नाही तर घामाची जमीनसुद्धा जाते, हा डेबूजींचा पहिला धडा.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते पायी गावोगाव हिंडले. कुणाची भाकर फुकट खायचे नाहीत. आधी लाकडं फोडायचे नाहीतर अंगण झाडायचे, मगच जेवायचे.

बाबा नुसते हिंडले नाहीत. त्यांनी डोळे उघडे ठेवले. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णा नदीच्या चिखलात माणसं घसरून पडायची. बाबांनी ते पाहिलं आणि तिथं घाट बांधायला घेतला. पंढरपूरला गरीब वारकरी उघड्यावर झोपायचे. अस्पृश्य म्हणून काही जणांना तर कुणी आसराच देत नव्हतं. ते पाहून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीसुद्धा बांधली नाही.

दिवसा ते गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरं मारू नका, शिवाशिव पाळू नका, असं सांगायचे. जेवायचं ताट विकावं लागलं तर भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असं ते आईबापांना बजावायचे. मामाची जमीन ते विसरले नव्हते. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीपाशी, वाटेतच बाबांचा प्राण गेला. २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. जे शाळेत गेले नाहीत, त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे!

मला वाटतं, पुस्तकानं वाचता येतं आणि हिंडल्यानं दुसऱ्याची अडचण दिसते. दोन्ही पाहिजे. आपली सहल निघेल तेव्हा नुसता खाऊ खायचा नाही. कुणाला कशाची नड आहे, तेही बघायचं. आणि पालकांनो, पेरणी असो की काढणी, पोरांची शाळा बुडवू नका.