खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यामागचा माणूस : जॉर्ज ईस्टमन



परिसर अभ्यासाच्या फेरीसाठी आमच्या शाळेत एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं. शर्टाच्या खिशात मावेल एवढाच. मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नव्हता, पण त्यांनी स्वतः फोटो काढावेत असं वाटत होतं. स्टाफरूममध्ये लगेच चर्चा सुरू झाली. चौथीच्या मुलांच्या हातात कॅमेरा द्यायचा? पडला तर? आणि मुलं काढणार काय, एकमेकांची थोबाडं?

हा प्रश्न तुमच्या घरातही कधी ना कधी आला असेलच. गंमत म्हणजे तो आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाने त्याचं उत्तर होकारार्थी दिलं आणि चक्क मुलांसाठी एक डॉलरचा कॅमेरा बाजारात आणला. तो माणूस म्हणजे कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन. आज त्यांची ओळख करून घेऊया. शेवटी कॅमेरा कसा निवडायचा आणि मुलांना कसा वापरायला द्यायचा, तेही बघू.

बालपण

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल या गावी झाला. वडील रॉचेस्टर शहरात व्यापारी शिक्षण देणारी शाळा चालवत. म्हणजे तसा तो शिक्षकाचाच मुलगा! पण १८६२ साली वडील वारले, तेव्हा जॉर्ज जेमतेम ७-८ वर्षांचा होता. घरात आई आणि दोन मोठ्या बहिणी, त्यातली एक पोलिओमुळे अपंग. आईने घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले आणि त्यांच्या जेवणाखाण्याच्या कमाईवर संसार ओढला.

जॉर्जने चौदाव्या वर्षी शाळा सोडली. विमा कंपनीच्या कचेरीत निरोप्या म्हणून कामाला लागला, पगार आठवड्याला ३ डॉलर. पण पोरगा गप्प बसणारा नव्हता. रात्री घरी बसून हिशेबनीस होण्याचा अभ्यास केला. १८७४ मध्ये तो रॉचेस्टरच्या एका बचत बँकेत कनिष्ठ कारकून झाला आणि पगार आठवड्याला १५ डॉलरवर गेला. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखीच आहे, नाही का? आईचे कष्ट थांबावेत एवढीच या मुलाची धडपड होती.

एक न झालेली सहल

वयाच्या चोविसाव्या वर्षी ईस्टमन यांनी सुट्टीत कॅरिबियन समुद्रातल्या सांतो दोमिंगोला जायचं ठरवलं. एका सहकाऱ्याने सुचवलं, प्रवासाचे फोटो काढून आण. म्हणून त्यांनी फोटोग्राफीचं सगळं साहित्य विकत घेतलं.

आता हे ‘सगळं साहित्य’ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. भलामोठा कॅमेरा, जाडजूड तिकाटणं, काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि वर अंधारासाठी एक तंबू. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला आहे तोवर फोटो काढून लगेच धुवावा लागे. थर वाळला की फोटो गेला. एका फोटोसाठी अर्धी प्रयोगशाळा पाठीवर! हे सगळं शिकायला ईस्टमन यांनी ५ डॉलर फी भरून धडे घेतले.

सांतो दोमिंगोची सहल झालीच नाही. पण एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. फोटो काढायला एवढा बोजा कशाला हवा?

आईच्या स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

इंग्लंडमधल्या मासिकांत जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचांविषयी छापून येत होतं. ते वाचून ईस्टमन यांनी आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. दिवसभर बँक आणि रात्रभर रसायनं. कधीकधी ते चुलीशेजारी जमिनीवरच झोपून जात. शाळा अर्धवट सोडलेला, रसायनशास्त्र न शिकलेला हा तरुण वाचत आणि चुकत चुकत शिकला. काचांवर थर देणारं यंत्र त्यांनी तयार केलं, १८७९ मध्ये लंडनला त्याचं पेटंट घेतलं आणि १ जानेवारी १८८१ रोजी हेन्री स्ट्राँग या भागीदारासोबत कंपनी सुरू केली.

आणि लगेच संकट आलं. विकलेल्या काचा दुकानांत पडून निकामी होऊ लागल्या. तक्रारी आल्या. तेव्हा ईस्टमन काय म्हणू शकले असते, विचार करा. माल तुमच्याकडे खराब झाला, आम्ही काय करणार? पण त्यांनी खराब काचा परत घेतल्या आणि भरपाई दिली. नवी कंपनी त्यात जवळजवळ बुडाली. पुढे शोध घेतल्यावर दोष आणलेल्या जिलेटिनमध्ये असल्याचं कळलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगावा असा हा प्रसंग आहे. प्रामाणिकपणा फुकट मिळत नाही, त्याची किंमत मोजावी लागते, हे मुलांना यातून नीट समजतं.

कोडॅक आला

काच जड आणि फुटणारी. म्हणून ईस्टमन यांनी आधी कागदाची गुंडाळी आणली आणि १८८८ मध्ये ‘कोडॅक’ नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. ‘कोडॅक’ शब्दाला काहीच अर्थ नाही बरं का! त्यांना के हे अक्षर आवडायचं, म्हणून त्यांनी तो बनवला.

साधारण साडेसहा इंच लांबीची ही पेटी. आत १०० फोटोंची गुंडाळी भरलेलीच. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवायची, झालं. बघायला काचही नव्हती. पेटीवरच्या खुणेवरून अंदाजाने नेम धरायचा. फोटो यायचे गोल, अडीच इंच व्यासाचे. १०० फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. कंपनी १० डॉलर घेऊन फोटो धुऊन देई आणि नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत करी. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आमच्यावर सोडा, असा त्या जाहिरातीचा आशय होता.

कॅमेऱ्याची किंमत मात्र २५ डॉलर. म्हणजे बोजा हलका झाला, तरी सामान्य माणसाच्या खिशाला तो परवडणारा नव्हता. १८९५ मध्ये ५ डॉलरचा ‘पॉकेट कोडॅक’ आला. आणि १९०० मध्ये आला ‘ब्राउनी’, फ्रँक ब्राउनेल यांनी बनवलेला, पुठ्ठ्याच्या पेटीचा, फक्त १ डॉलरचा. फिल्म १५ सेंटची, फोटो सहा. नाव मुलांच्या गोष्टींतल्या लोकप्रिय बुटक्यांवरून ठेवलेलं, कारण गिऱ्हाईक मुलंच होती. पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त ब्राउनी खपले.

मुलांच्या हातात कॅमेरा दिल्याने काय होतं? १९१६ साली योसेमिटीच्या डोंगरात चौदा वर्षांच्या एका मुलाला आईवडिलांनी ब्राउनी दिला. कुजलेल्या खोडावर चढून फोटो काढताना तो पडला आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो उलटा आला. पुढे हाच मुलगा, अॅन्सेल अॅडम्स, निसर्गचित्रणातला जगप्रसिद्ध फोटोग्राफर झाला.

आपल्याकडचा धागाही आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कच्ची फिल्म मागवली ती कोडॅकची. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

दुसरी बाजू

थोरांची चरित्रं सांगताना आपण त्यांना देव करून टाकतो. तसं करू नका, मुलांना ते खोटं वाटतं.

पारदर्शक, न फुटणारी फिल्म ईस्टमन यांच्या कंपनीने १८८९ मध्ये आणली. पण नेवार्क गावच्या हॅनिबल गुडविन नावाच्या धर्मगुरूंनी १८८७ मध्येच तशा फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मुलांना धर्मकथांची चित्रं दाखवायला न फुटणारी काहीतरी वस्तू हवी, म्हणून ते या शोधाकडे वळले होते. त्यांना पेटंट मिळालं १८९८ मध्ये, आणि १९०० मध्ये ते वारले. खटला चालत राहिला. अखेर १९१४ मध्ये कोडॅकला पेटंटधारक कंपनीला ५० लाख डॉलर द्यावे लागले. शिवाय १९१५ मध्ये न्यायालयाने कोडॅकला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी ठरवलं. खराब काचा परत घेणारा माणूस तोच, आणि स्पर्धकांना जागा न देणाराही तोच.

आणखी एक. छोटे कॅमेरे आले आणि न विचारता कुणाचाही फोटो काढणं सोपं झालं. समुद्रकिनाऱ्यावर, रस्त्यावर लोक वैतागले. १८९० मध्ये अमेरिकेत खासगीपणाच्या हक्कावर वॉरेन आणि ब्रँडाइस या वकिलांनी गाजलेला लेख लिहिला, त्यामागे अशा झटपट फोटोंचीही चिंता होती.

पैसा आणि शेवट

ईस्टमन यांनी लग्न केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली, तोवर ते तिच्याजवळच होते. पैसा अफाट आला आणि त्यांनी तो जिवंतपणीच वाटला. १९१९ मध्ये कंपनीतल्या स्वतःच्या भागभांडवलाचा एक तृतीयांश हिस्सा, सुमारे एक कोटी डॉलरचा, कामगारांना दिला. एमआयटी या विख्यात संस्थेला ‘मिस्टर स्मिथ’ या खोट्या नावाने देणगी दिली. १९१२ पासून हे गुपित टिकलं, ते १९२० मध्ये फुटलं. गरीब मुलांसाठी रॉचेस्टर, लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोम इथे दंतचिकित्सालयं उभी केली. एकूण दान दहा कोटी डॉलरच्या वर गेलं.

शेवटची दोन वर्षं मात्र त्यांना पाठीच्या कण्याच्या दुखण्याने पछाडलं. नीट चालता येईना. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. लहान वर्गात हा भाग सांगायची गरज नाही. मोठ्या मुलांनी विचारलं तर लपवू नका. आजारपणात आणि एकटेपणात माणूस कसा खचतो आणि अशा वेळी कुणाशी तरी बोलणं, मदत मागणं किती गरजेचं असतं, हे शांतपणे सांगा.

पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद! कंपनीने फिल्मच्या धंद्याला चिकटून राहणं पसंत केलं आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बोजा कशाला, हा आपल्या संस्थापकाचा प्रश्न कंपनी विसरली.

आता आपला कॅमेरा

छोटा कॅमेरा घेताना ईस्टमन यांचाच प्रश्न विचारा : वापरणाऱ्याचं काम सोपं होतंय का?

१. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. प्रकाश टिपणारा आतला सेन्सर मोठा असेल तर कमी उजेडातही फोटो चांगला येतो.
२. झूम बघताना ऑप्टिकल झूम किती ते विचारा. डिजिटल झूम म्हणजे चित्र कापून मोठं करणं, त्यात स्पष्टता जाते.
३. मुलाच्या हातात देऊन बघा. बटणं बोटांना सापडतात का? चालू व्हायला किती वेळ लागतो?
४. एक जादा बॅटरी आणि एक जादा मेमरी कार्ड घ्या. फेरीच्या दिवशीच बॅटरी संपते, हा अनुभव सगळ्यांचाच!

वापरताना : दोरी मनगटात अडकवायची. कोपरं अंगाला टेकवायची म्हणजे हात हलत नाही. बटण आधी अर्धं दाबून चित्र स्पष्ट होऊ द्यायचं, मग पूर्ण दाबायचं. ऊन शक्यतो आपल्या पाठीकडे ठेवायचं. भिंगाला बोट लावायचं नाही.

आम्ही अखेर कॅमेरा घेतला. पहिल्या फेरीत मुलांना मोकळं सोडलं, ही माझी चूक. दोनशेच्या वर फोटो आले आणि त्यात खरोखर थोबाडंच जास्त होती. शिवाय बाजारात भाजीवाल्या मावशी रागावल्या, न विचारता फोटो का काढला म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. आम्ही माफी मागितली आणि त्यांच्यासमोरच तो फोटो पुसला.

दुसऱ्या फेरीत दोन नियम केले. ब्राउनीसारखे प्रत्येकाला सहाच फोटो, आणि माणसाचा फोटो असेल तर आधी परवानगी. काय फरक पडला, सांगू? मुलं आधी बघायला लागली. वडाच्या पारंब्यांसमोर एक मुलगा बराच वेळ नुसता उभा होता. मी विचारलं तर म्हणाला की दोनच उरलेत, विचार करतोय. मावशींनी तर यावेळी पदर सारखा करून, तराजू हातात घेऊन फोटो काढून घेतला. त्याची प्रत आम्ही त्यांना नेऊन दिली.

तुमच्या वर्गातही हा सहा फोटोंचा उपक्रम करून बघा. प्रत्येक फोटोखाली मुलांना पाच ओळी लिहायला सांगा : हाच फोटो का काढला? पालकांनो, घरातला जुना छोटा कॅमेरा कपाटात पडून असेल तर बॅटरी चार्ज करून मुलांच्या हातात द्या. पडेल या भीतीने तो कपाटातच ठेवला, तर तो तिथेच पडून खराब होणार.