विल्यमीना फ्लेमिंग आणि लाल ताऱ्यांचे वर्णपट

हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरची स्कॉटिश मोलकरीण पुढे त्याच वेधशाळेत नामांकित खगोलशास्त्रज्ञ झाली, ही कथा बहुश्रुत आहे. तिच्यात थोडी दिशाभूलही आहे. विल्यमीना स्टीव्हन्स यांचा जन्म १८५७ मध्ये डंडी येथे झाला, आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्या तेथील शाळेत शिकवीत होत्या. १८७७ मध्ये जेम्स फ्लेमिंग यांच्याशी विवाह झाला. पुढील वर्षी दोघे अमेरिकेस गेली. त्या गर्भवती असतानाच पतीने त्यांना टाकले. मोलकरणीचे काम ही त्यांची योग्यता नव्हती, अडचण होती. १८८१ मध्ये त्या वेधशाळेच्या सेवेत रुजू झाल्या.

१८८६ मध्ये हेन्री ड्रेपर यांच्या स्मरणार्थ ताऱ्यांच्या वर्णपटांचे मोठे काम तेथे सुरू झाले. दुर्बिणीच्या भिंगापुढे लोलक बसविला की छायाचित्राच्या काचेवर ताऱ्याच्या बिंदूऐवजी वर्णपटाची लहानशी पट्टी उमटे. १८९० च्या सूचीतील १०,३५१ ताऱ्यांपैकी बहुतेकांचे वर्गीकरण फ्लेमिंग यांनी केले. सूचीवर नाव पिकरिंग यांचे आहे. फ्लेमिंग यांचा उल्लेख प्रस्तावनेत सापडतो.

त्यांची नजर खरी स्थिरावली ती लाल ताऱ्यांवर. या ताऱ्यांच्या वर्णपटात रुंद काळे पट्टे असतात. ते टायटॅनियम ऑक्साइडच्या रेणूंचे आहेत, हे आल्फ्रेड फाउलर यांनी १९०४ मध्ये दाखविले. सूर्यपृष्ठाच्या सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमानात हे रेणू सहसा टिकत नाहीत. ३,००० केल्व्हिनच्या आसपास ते भरपूर असतात. अशा थंड ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा मात्र तेजस्वी दिसल्या, तर तो तारा दीर्घ काळाने तेज बदलणारा असणार, हे फ्लेमिंग यांनी हेरले. मग आकाशाच्या त्याच भागाच्या इतर काचा काढून तेज ताडून पाहावयाचे. पोथ्यांच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये : एका पाठभेदावरून शंका घ्यावी आणि इतर प्रतींवरून ती पडताळावी. ज्याचे तेज सुमारे ३३२ दिवसांनी पुन्हा कळसास पोहोचते तो तिमिंगल समूहातील मीरा हा या वर्गाचा नमुना होय.

या लक्षणामागील कारण कळावयास पुष्कळ काळ जावा लागला. तारा स्पंदन पावतो, त्याच्या वातावरणातून आघाततरंग वर सरकतात आणि त्यांनी तापलेला हायड्रोजन प्रकाशतो. तापमान उतरले की रेणू वाढून दृश्य प्रकाश अडवितात. म्हणून दृश्य तेजात शेकडो पटींचा फरक पडला तरी एकूण ऊर्जेतील फरक त्या मानाने थोडाच असतो. फ्लेमिंग यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. होत्या त्या काचा आणि भिंग.

१८८८ मध्ये मृग समूहातील अश्वशीर्ष तेजोमेघ त्यांनीच प्रथम एका काचेवर टिपला. १८९५ मध्ये ड्रायर यांच्या सूचीत श्रेय गेले पिकरिंग यांना. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. संस्थेचे नाव म्हणजे संचालकाचे नाव, हा तेव्हाचा शिरस्ताच होता. पण शिरस्त्याची किंमत कोणीतरी मोजतेच. १८९९ मध्ये छायाचित्रसंग्रहाच्या अभिरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९०० मधील रोजनिशीत मात्र आपल्याला वर्षाला १,५०० डॉलर आणि पुरुष सहायकांना २,५००, ही तफावत त्यांनी कडवटपणे नोंदविली आहे. घर चालवावयाचे होते, मुलाचे शिक्षण व्हावयाचे होते.

१९०६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. पुढील वर्षी त्यांनी शोधलेल्या २२२ रूपविकारी ताऱ्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यावर नाव त्यांचे स्वतःचे होते. १९११ च्या मे महिन्यात बोस्टन येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तोवर ही संख्या तीनशेच्या वर गेली होती.