कै. पालवणकर शिवराम

कै. पालवणकर बाळू यांचे नाव ज्या घरी ठाऊक नाही, असे घर आपल्या चर्मकार समाजात क्वचितच सापडेल. परंतु त्यांचे पाठचे बंधू कै. शिवराम यांची ओळख नव्या पिढीस फारशी उरलेली नाही. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, या हेतूने आम्ही त्यांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

शिवराम यांचा जन्म 1878 सालचा. वडील पुण्यास लष्करी खात्यात चाकरीस होते. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेले साहित्य घेऊनच हे बंधू क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल व गणपत हे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू झाले.

ज्या बाळूंच्या गोलंदाजीवर सामने जिंकावयाचे, त्यांनाच चहा मात्र बाहेर, मातीच्या पात्रात द्यावयाचा, असा तो काळ होता. तथापि गुणांपुढे रूढीस थोडे नमावे लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईस हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू व शिवराम दोघेही त्या संघात होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. प्रथम श्रेणीच्या 14 सामन्यांपैकी त्यास दोनच जिंकता आले. त्यांपैकी टाँटन येथील सॉमरसेटविरुद्धचा विजय अवघा एक गडी राखून मिळाला, आणि तो शिवरामांच्या नाबाद 113 धावांमुळेच शक्य झाला.

परंतु आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो तो 1920 सालचा प्रसंग. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळण्यात आले व विठ्ठलांचा नेतृत्वाचा हक्क डावलला गेला. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. शिवरामांचे वय तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. सोडलेली जागा त्या वयात पुन्हा लाभेलच, असा भरवसा कोण देणार? तरीही ते डगमगले नाहीत. लोकमत जागे झाले. अखेर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले आणि बंधू पुन्हा मैदानात उतरले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

1941 साली शिवराम निवर्तले. बाळूंची कीर्ती आपण मुलांना सांगतोच; तीबरोबर शिवरामांचा हा स्वाभिमानही घरोघरी सांगितला जावा, एवढीच आमची विनंती आहे.